दोराची चुंबळ

दहा दिवसांत माणूस किती शहाणा होऊ शकतो हे ज्यांना पाहायचं होतं, त्यांनी मला तेव्हा पाहायला हवं होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पोंभुर्णा तालुक्यातल्या एका शाळेत मी पीटीचा मास्तर होतो. शाळेनं मला सह्याद्रीतल्या एका दहा दिवसांच्या गिर्यारोहण शिबिराला पाठवलं. माझी निवड का झाली, तर दुसरं कोणी जायला तयार नव्हतं. मी मूळचा वरोऱ्याचा. डोंगर म्हणून आयुष्यात पाहिला तो जिनिंगच्या आवारातला कापसाचा. शिबिरात मी चार कडे उतरलो, दोन्ही गुडघे फोडून घेतले आणि परत आलो तो हिमालय पालथा घालून आल्याच्या थाटात. येताना बोलणंही तिकडचं घेऊन आलो. दोन दिवस माझं 'मला' आणि 'तुला' ऐकून आईनं विचारलं, "तुले बरं नाई काय?"

त्याच पावसाळ्यात वरच्या कुठल्याशा योजनेतून शाळेला गिर्यारोहणाचा एक दोर आला. आमच्या शाळेत तेव्हा मुलींसाठी संडास नव्हता, प्रयोगशाळेत परीक्षानळ्या नव्हत्या, नववीच्या वर्गावर कौलं नव्हती. पण दीडशे फुटांचा, निळ्या रंगाचा, मधून पिवळा धागा गेलेला परदेशी बनावटीचा दोर मात्र होता. सोबत कमरेला बांधायचे दोन पट्टे आणि मूठभर कड्या. खरं तर अशा कामाला दोन दोर लागतात, एक उतरायला आणि एक जिवाला. शिबिरात हे दहा वेळा सांगितलं होतं. योजनेला ते माहीत नव्हतं, आणि मला माहीत असून मी एकावर भागवायचं ठरवलं. तज्ज्ञ माणसाला एवढी मुभा असतेच.

दोर आला त्या दिवसापासून मी शाळेत दोराचा पुजारी झालो. दोर उन्हात ठेवायचा नाही, मातीत टाकायचा नाही, त्यावर पाय द्यायचा नाही, ओला गुंडाळायचा नाही, असे नियम मी खेळाच्या खोलीच्या दारावर ऑइलपेंटनं लिहिले. वर माझं नाव आणि शिबिराचं नाव जरा मोठ्या अक्षरांत काढल्यामुळे खाली जागा कमी पडली, म्हणून शिबिराच्या वहीत उतरवून घेतलेला शेवटचा नियम दारावर आला नाही. सातवीतल्या एका पोराचा चुकून दोराला पाय लागला, तेव्हा मी त्याला दोराच्या पाया पडायला लावलं. पुस्तकाला पाय लागल्यावर पडतो तसं. पोरगं पडलं बिचारं. माझ्याकडे पाहून कोणाला हसू आलं असेल तर ते त्यांनी घरी जाऊन हसून घेतलं असावं.

दोर गुंडाळणं हा तर माझा खास प्रयोग. दोन्ही हात पसरून एक वाव, म्हणजे एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत, असा मोजून मी दोर घ्यायचो आणि वेढ्यावर वेढा बसवायचो. सगळे वेढे सारखे. शेवटी टोक फिरवून गाठ मारली की भिंतीवरच्या घड्याळासारखं गोल गरगरीत भेंडोळं तयार व्हायचं. मधल्या सुट्टीत मी हे काम मुद्दाम व्हरांड्यात करायचो. कोणी पाहत नसेल तर पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळायचो.

पाहणाऱ्यांत आमचे शाळेचे शिपाईभाऊ असत. पन्नाशीचे, जातीनं ढिवर. पहाटे गावच्या तलावात जाळं टाकायचं आणि साडेदहाला शाळेची घंटा द्यायची, असा त्यांचा दिवस. हाताला मासोळीचा वास आणि बोलणं तोलून. त्यांनी माझं गुंडाळणं आठवडाभर बघितलं आणि एके दिवशी म्हणाले, "सर, दोर टोपल्यात पडू द्या. त्याचा तो बसते. हातानं वळ देल्ला का मंग कामाच्या वक्ती तो गुत्ता करते."

मी त्यांना समजावून सांगितलं की हा जाळ्याचा दोर नाही. याच्या आत वेगळा गाभा आहे, वर विणलेली साल आहे, हा दोन टन वजन पेलतो. भाऊ "हो जी" म्हणाले. मग दोराचं टोक हातात घेऊन डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी तो हळूहळू पुढे सरकवत राहिले. जाळ्याचा तुटका डोळा, म्हणजे विणीतलं तुटलेलं घर, ते असंच शोधत. डोळ्यानं दिसत नाही, म्हणायचे, बोटाले कळते. मी त्यांना थांबवलं नाही. मोठ्या मनाचा होतो ना.

फार वर्षांनी कळलं की जाणती मंडळी हल्ली दोर गुंडाळतच नाहीत, पिशवीत तसाच सोडतात, म्हणजे वळ पडत नाही. पिशवी म्हणजे टोपलंच की. असो.

भाऊंची मुलगी दहावीत होती. धाडसी. मोहाच्या झाडावर सरसर चढायची आणि बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, सूर मारायची. शाळेच्या मागच्या भिंतीवरून आणि तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, आम्ही पावसाळाभर दोरानं उतरायचा सराव केला, त्यात ती सगळ्यांच्या पुढे. दिवाळीनंतर गावामागच्या अस्वलदगडावर साहस शिबिर घ्यायचं आणि चाळीस फुटांचा कडा सगळ्यांत आधी तिनं उतरायचा, हे मी ऑगस्टमध्येच जाहीर केलं. मुख्याध्यापकांना ही कल्पना फार आवडली. शिपायाची मुलगी कडा उतरते, हे वाक्य त्यांनी तेव्हाच भाषणासाठी बाजूला काढून ठेवलं. मुलीला पोलीस भरतीत जायचं होतं. तिला वाटायचं, शिबिराचा कागद असला की बरं. ती रोज मला विचारायची, सर, शिबिर नक्की हाये ना?

मग आली खांडेनवमी.

आमच्याकडे नवमीला सगळी अवजारं पुजतात. शेतकरी नांगर-विळे मांडतो, सुतार करवत मांडतो, शाळा काय मांडणार? आमच्या मुख्याध्यापकांना शाळा मागे राहिलेली चालत नसे. हॉलमध्ये सतरंजी अंथरली. लेझीम, ढोल, कुदळी, ऑफिसातला टाइपरायटर, पृथ्वीचा गोल, घंटेचा हातोडा, आणि लाउडस्पीकरची बॅटरी. वीज जायची म्हणून स्पीकरसाठी ट्रकची भलीमोठी बॅटरी घेतलेली होती. पंधरा दिवसांवर आलेल्या स्नेहसंमेलनासाठी ती आदल्याच दिवशी चार्ज करून, काठोकाठ भरून आणली होती. भाऊ त्या दिवशी शाळेत नव्हते. त्यांच्या घरी जाळ्यांची पूजा होती.

बॅटरी हे शाळेतलं सगळ्यांत भारी यंत्र, म्हणून ते मधोमध ठेवायचं ठरलं. पण हॉलची फरशी उखडलेली. बॅटरी डुगडुगू लागली. मुख्याध्यापक म्हणाले, खाली काहीतरी मऊ पाहिजे. आणि मला, फक्त मला, सुचलं की माझा दोर बाजूला कोपऱ्यात पडला आहे आणि त्याला मान मिळालेला नाही.

डोक्यावर घागर घ्यायची तर बायका खाली फडक्याची चुंबळ ठेवतात. माझा दोर दिसायला हुबेहूब चुंबळ. गोल, मऊ, वेढ्यावर वेढा. मी तो उचलून सतरंजीच्या मधोमध ठेवला आणि दोघांनी वर बॅटरी बसवली. जरा कलली, पण बसली. सगळ्यांनी वा वा केलं. निळा दोर, वर काळी बॅटरी, त्यावर झेंडूचा हार. मुख्याध्यापकांनी हळद-कुंकू वाहिलं, शाळेतल्या बाईंनी आरती म्हटली. ज्या दोराला पोराचा पाय लागलेला मला खपला नव्हता, त्याच्यावर मी स्वतःच्या हातानं अ‍ॅसिडचं भांडं ठेवलं आणि वर नमस्कार केला.

पुजलेली हत्यारं दसरा होईपर्यंत हलवत नाहीत. तशी ती दोन दिवस बसून राहिली. दसऱ्यानंतर भाऊंनी सगळं आवरलं तेव्हा दोर थोडा ओलसर होता. कलशातलं पाणी सांडलं असेल, असं मीच म्हणालो. वेढ्यांवर तांबूस डाग होते. ते कुंकवाचे, हेही मीच म्हणालो. मग मी नियमाप्रमाणे दोर साध्या पाण्यातून काढला, नियमाप्रमाणे सावलीत वाळवला आणि नियमाप्रमाणे वाव मोजून पुन्हा गुंडाळून खुंटीला टांगला. काळजी घेण्यात मी कुठेही कमी पडलो नाही.

दिवाळीची सुट्टी संपली. धान कापणीला आलं होतं. शिबिराच्या दिवशी सकाळी आम्ही पंचेचाळीस पोरं, पाच शिक्षक आणि चिवड्याचे दोन डबे घेऊन अस्वलदगडावर चढलो. चंद्रपूरहून एक साहेब पाहुणे म्हणून यायचे होते, सोबत एक फोटोग्राफर. साहेब वेळेवर आले, यावरूनच दिवस वेगळा आहे हे मला कळायला हवं होतं. मुख्याध्यापकांनी कड्याच्या माथ्यावर सतरंजी घातली आणि भाषण सुरू केलं. बाजूच्या ऐनाच्या जाड बुंध्याला मी दोर बांधायला घेतला. माझं नियोजन असं की मी वर उभा राहून दोरावर नियंत्रण ठेवणार. नियंत्रण ठेवणारा माणूस फोटोत चांगला येतो.

मुलगी पट्टा बांधून तयार होती. वेणीला लाल रिबिन, पायात शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट, तेही खडूनं पांढरे केलेले. कड्याच्या काठाशी जाऊन तिनं एकदा खाली पाहिलं आणि माझ्याकडे बघून हसली.

भाऊ चिवड्याचे डबे ठेवून आले आणि न विचारता माझ्या बाजूला उकिडवे बसले. मी दोर सोडत होतो तसा ते हातातून सरकवत होते. डोळे मिटलेले. मला त्याचा राग येत होता. साहेब बघत होते, आणि शाळेचा शिपाई तज्ज्ञाच्या कामात हात घालतो हे काही बरं दिसत नव्हतं. मी हळू आवाजात म्हणालो, भाऊ, पोरांना पाणी द्या जरा. भाऊंनी ऐकलं नाही. त्यांचा हात एका जागी थांबला होता.

"इथी दोर मेला हाये, सर," ते म्हणाले.

मी बघितलं. दोर होता तसाच निळा होता. एवढंच की तिथे तो कुंकवाचा डाग होता. भाऊंनी पुढे सरकवला, वावभर गेल्यावर पुन्हा थांबले. तिथेही. आणखी वावभर, तिथेही. दोर वाकवला की बाकी ठिकाणी तो गोल वाकत होता आणि त्या जागी कागदाची घडी पडावी तसा मोडत होता. भाऊंनी माझं बोट धरून तिथे ठेवलं. साल खरखरीत लागली, आणि आत जिथे गाभा दाटपणे लागायला हवा तिथे काही तरी पोकळ होतं.

आता खरं सांगतो. बोटाला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं. पण मुख्याध्यापक भाषणात त्यांच्या त्या ठेवणीतल्या वाक्यापर्यंत आले होते, साहेबांनी घड्याळ पाहिलं होतं, फोटोग्राफर एका गुडघ्यावर बसला होता आणि मी पंचेचाळीस पोरांचा गिर्यारोहक होतो. मी म्हणालो, भाऊ, हा परदेशी दोर आहे, दोन टन पेलतो, तुमची पोरगी काय दोन टनांची आहे का? पोरं हसली. मुलगीही हसली.

भाऊ हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. त्यांनी दोर खाली ठेवला आणि उभे राहून जरा मोठ्यानं, साहेबांनाही ऐकू जाईल असं म्हणाले, "मंग आगुदर तुमी उतरून दाखवा जी."

मागणी अगदी साधी होती. शिबिरात आमचे प्रशिक्षक रोज हेच करायचे, आधी स्वतः उतरायचे. दुसरा पट्टा माझ्या पायाशी पडला होता. तो उचलायचा, कमरेला बांधायचा आणि काठावरून मागे झुकायचं, एवढंच. मी खाली वाकलो. हात पट्ट्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. किती वेळ, ते सांगता येत नाही. मुख्याध्यापकांचं बोलणं थांबलं होतं. मी मान वर केली तेव्हा भाऊ माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांना जे पाहायचं होतं ते दिसलं होतं.

मग मी घसा साफ केला आणि जाहीर केलं की सुरक्षेच्या दृष्टीनं आधी दोराची ताण-चाचणी घेण्यात येईल. जणू ती कार्यक्रमपत्रिकेतच होती. एक टोक ऐनाला बांधलेलं होतंच. दुसरं टोक काठापासून दूर, सपाटीवर नेऊन चार पोरांच्या हातात दिलं. रस्सीखेच म्हणून पोरं खूश झाली. मी एक-दोन-तीन म्हणालो. त्यांनी पुरता जोर लावण्याआधीच टपकन आवाज आला आणि चारही जण मागच्या मागे एकमेकांच्या अंगावर पडले. फार मोठा आवाजही नाही. वाळलेली काडी मोडावी तेवढाच. पोरं हसून हसून लोळली. साहेबही हसले. फोटोग्राफरनं फोटो काढला. मी हसणाऱ्या पोरांकडे बघत राहिलो.

तुटलेलं टोक हातात घेतलं. पहिल्या डागापाशी तुटलं होतं. पुढचा डाग वावावर, त्यापुढचा वावावर. वाव मोजून वेढे घातले की सगळ्या वेढ्यांची एकच बाजू एकावर एक येते, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? त्या एका बाजूवर काहीतरी झिरपलं होतं. कुठून झिरपलं, ती कललेली बॅटरी तिथे कोणी बसवली, हे कळायला मला तिथे उभ्या उभ्या तेवढाच वेळ लागला जेवढा ती बसवायला लागला होता. घरी जाऊन शिबिराची वही काढली. शेवटचा नियम माझ्याच अक्षरात होता. तेल, रॉकेल आणि अ‍ॅसिड यांपासून दोर लांब ठेवावा, डोळ्यांना न दिसता कुजतो. हाच तो, दारावर न मावलेला.

मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे निष्कर्ष काढला की माल निकृष्ट आहे, वर कळवावं लागेल. साहेबांनी मान डोलावली, त्यांनाही वर कळवण्याची सवय असावी. मग पोरांनी लेझीम केली, चिवडा वाटला गेला, आणि साहस शिबिर उत्साहात पार पडलं असं दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं गेलं. बॅटरीबद्दल मी कोणालाही बोललो नाही. फक्त भाऊंना बोललो, तिथेच, साहेबांची जीप गेल्यावर. सगळं सांगितलं, चुंबळीची कल्पना माझी होती हेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, चुकी कोनाच्या बी हातून होते, सर. ते बॅटरीबद्दल बोलत होते. पट्ट्यापाशी थांबलेल्या हाताबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मलाही त्याबद्दलच ऐकायचं होतं आणि नेमकी त्याचीच भीती होती.

परतताना पोरं पुढे पळाली. भाऊ डोक्यावर डबे घेऊन त्यांच्या मागे होते. मी सगळ्यांत शेवटी, आणि माझ्याबरोबर त्यांची मुलगी. पट्टा तिनं अजून कमरेचा सोडला नव्हता. तिचा चेहरा पडला होता. आपण घाबरलो असं साहेबांना वाटलं असेल, याचं तिला वाईट वाटत होतं. मी विचारलं, तुला भीती नव्हती वाटली का? काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"नाई जी," ती म्हणाली. "बाबा काई म्हनो. तुमी उतर म्हटलं असतं त मी उतरलीच असती, सर."

माझी समजूत काढायला बोलली ती. मास्तरांचा पोरांसमोर पाणउतारा झाला, तेवढंच तिला दिसलं होतं. मी तिथे थांबून तिला सांगायला हवं होतं की ज्या दोरावर मला माझा जीव टाकवला नाही त्याच्यावर मी तुझा टाकायला निघालो होतो, आणि तुझा बाप आडवा आला नसता तर टाकलाही असता. मास्तर म्हणतो म्हणून असं उतरायचं नसतं, एवढं तरी सांगायचं. तिनं माझ्याकडे पाहिलं, उत्तराची वाट बघत.

मी पीटीच्या तासाला म्हणतो तसं "शाबास" म्हणालो, आणि ती खूश होऊन पुढे पळत गेली.